सात सरळ वाफे

२४ एप्रिल १९८५. सकाळी ६.४५.

रिटायर होऊन चोवीस दिवस झाले. ज्या कॉन्व्हेंटात शिकले, त्याच कॉन्व्हेंटात बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. आता वही फक्त स्वतःसाठी. मराठीत लिहायचं ठरवलं आहे, कारण इंग्रजीत सिस्टरनी आम्हांला आभार मानायला आणि माफी मागायला शिकवलं. रागावायला मराठीच बरी.

आजचा विषय: मागची टेकडी. घाटकोपरच्या या सोसायटीत मी तळमजल्यावर. मागच्या गॅलरीतून दिसतं काय, तर गवत, घाणेरी आणि करवंदाच्या जाळ्या. तारेच्या कुंपणापर्यंतचा उतार सोसायटीचा. कुंपणाच्या वर झोपड्यांची एक रांग. आमच्या उताराला आजवर कुणी हात लावलेला नाही. आळस, दुसरं काय.

संकल्प: पावसाच्या आत इथे बाग.

सेक्रेटरी बाळा परुळेकरांना सांगितलं. ते म्हणाले, करा मॅडम, तुमका कोण अडवतलो. सूर मला आवडला नाही, पण परवानगी ती परवानगी.

२ मे. दुपारी ४.

गवत कापलं, उरलं ते जाळलं. वॉचमन धाकूने करवंदाची मुळं पहारीने खणून काढली. रात्रपाळी करून दिवसा खणतो म्हणून कुरकुरत होता. मी त्याला म्हटलं, मीसुद्धा एकेकाळी दिवसा शिकवून रात्री पेपर तपासत असे.

सोनूबाई भांडी घासता घासता खिडकीतून बघत होती. सहा वर्षं माझ्याकडे आहे, हात स्वच्छ, तोंड मोकळं. म्हणाली, बाई, गवत र्‍हाऊ द्यायचं हुतं, गवत माती धरतं. मी म्हटलं, सोनूबाई, जमिनीची धूप हा धडा मी नववीला बत्तीस वर्षं शिकवला आहे. ती म्हणाली, मग तर तुमास्नी ठावंच असंल. मी म्हटलं, अर्थातच.

उतार आता स्वच्छ, लाल, मोकळा. डोळ्यांना किती बरं वाटतं.

११ मे. सकाळी ११.

वाफे. धाकूने पहिला वाफा उताराला आडवा खणून ठेवला होता. गॅलरीतून वाकडा दिसत होता, टेकडीच्या पोटासारखा गोल गेलेला. बुजवायला लावला. मग वरपासून खालपर्यंत सुतळी ताणून सात वाफे, सरळ, समांतर, मधे सरळ चर. सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, जिची रेघ वाकडी तिचं मन वाकडं. आता गॅलरीत चहा घेताना आखीव वही उघडल्यासारखं वाटतं. तेरडा, झिनिया आणि झेंडूचं बी पेरलं.

धाकूने विचारलं, पाणी खैसून जातला? मी चरांकडे बोट दाखवलं. सरळ खाली. पाण्याला वळणं घ्यायला लावणं हा पाण्यावर अन्याय आहे.

२० मे. सकाळी ७.

नवा नियम: रोज सकाळी उतार झाडून काढायचा. वरच्या शिरीषाच्या झाडाचा पाला पडतो आणि सगळी शोभा घालवतो. कालपर्यंत चार टोपल्या पाला निघाला. जमीन घोटलेल्या पाटीसारखी झाली आहे. परुळेकरांच्या सौ. मालनताई म्हणाल्या, मॅडम, तुमचा डोंगर आमच्या ओट्यापेक्षा स्वच्छ. याला म्हणतात शिस्त.

१३ जून. सकाळी ८.३०.

गेले चार दिवस पाऊस. हॉर्लिक्सच्या बाटलीत नरसाळं बसवून पर्जन्यमापक केला आहे. रोज साडेआठला वाचन, वेधशाळेसारखं. चार दिवसांत मिळून ९१ मिलिमीटर, सगळा हळूहळू, रिपरिप. बागेतला कणही हलला नाही. तेरड्याला दोन-दोन पानं. सोनूबाईला मुद्दाम गॅलरीत बोलावून दाखवलं. ती म्हणाली, अजून ह्यो पाऊस न्हवं बाई, ही नुसती वळख.

काही लोकांना दुसर्‍याचं चांगलं बघवत नाही.

१९ जून. संध्याकाळी ६.१०.

इतका संताप आहे की अक्षर बिघडलं तरी लिहिणार.

दुपारी पन्नास मिनिटांत ५८ मिलिमीटर. त्या चार दिवसांच्या मानाने कितीतरी कमी. आणि माझ्या गॅलरीत चार बोटं लाल चिखल. दाराखालून स्वयंपाकघरात आला, तेव्हा मी आतून पोतं लावून उभी. सोसायटीच्या मागच्या बाजूला तर रबडी. परुळेकर ऑफिसातून आले आणि पार्किंगमधूनच ओरडले, मॅडम, स्कूटर उभी करून गेलंय, येऊन बघतंय तर ती पेरलेली. चाकं खरोखर अर्धी आत होती.

मी त्यांना शांतपणे सांगितलं की हा चिखल वरून आलेला आहे. ते म्हणाले, वरसूनच येतलो, खालसून कसो येतलो. मी बोट उचलून कुंपणाच्या वर दाखवलं. झोपड्या. तिथे खणतात, भिंती लिंपतात, कोंबड्या पाळतात. जमिनीचा बेशिस्त वापर. पुस्तकातलं उदाहरण.

संकल्प: हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करायचं. मग वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार.

२१ जून. सकाळी ९.

प्रयोग सुरू. डालड्याचे तीन रिकामे डबे, तोंड जमिनीबरोबर येईल असे पुरले. क्रमांक एक: माझ्या बागेच्या पायथ्याशी. क्रमांक दोन: कुंपणालगत, झोपड्यांच्या बरोबर खाली, म्हणजे त्यांच्याकडून येणारी माती रंगेहाथ सापडेल. क्रमांक तीन: बाजूच्या पट्ट्यात, जिथे साफसफाई करायला धाकूने सरळ नकार दिला आणि घाणेरी, गवत तसंच आहे. तिथे सगळ्यात जास्त घाण निघेल अशी खात्री.

डब्यातली माती रोज तव्यावर वाळवून चमच्याने मोजायची. आकडा जो येईल तो लिहायचा. आकड्यांशी खोटं बोलणं हे पाप आहे असं कॉन्व्हेंटने शिकवलं आहे आणि ते मी मोडणार नाही.

२५ जून. सकाळी ८.३०.

पाऊस ३४ मि.मी., बहुतेक अर्ध्या तासात. क्रमांक एक: काठोकाठ. त्र्याहत्तर चमचे माती. क्रमांक दोन: तीन चमचे. क्रमांक तीन: अर्धा चमचा आणि एक गोगलगाय.

निष्कर्ष: क्रमांक दोनचा डबा वरच्या लोकांनी पहाटे येऊन रिकामा केला. गुन्हेगार पुरावा नष्ट करतोच.

पोळीला मातीचा वास आला. पुढच्या वेळी जुना तवा.

३० जून. सकाळी ८.३०.

पाऊस ६६. एक: भरून वाहिला, मोजता आला नाही. दोन: चार चमचे. तीन: शून्य. गोगलगाय तीच असावी.

मधला चर आता चर राहिलेला नाही, ओहळ झाला आहे. माझा हात कोपरापर्यंत आत जातो. तिसर्‍या वाफ्यातला झेंडू परुळेकरांच्या स्कूटरपाशी उगवला आहे. चौथा वाफा दिसत नाही.

संकल्प: उद्या पाऊस आला की स्वतः डबा क्रमांक दोनवर पाळत ठेवायची.

१ जुलै. दुपारी ३.

साडेअकरा ते सव्वाएक छत्री घेऊन कुंपणाशी उभी राहिले. डब्याला कुणी हात लावला नाही. वरच्या झोपड्यांकडून येणारं पाणी शांतपणे, जवळजवळ स्वच्छ येत होतं. तेच पाणी माझ्या पहिल्या चरात शिरलं आणि जे पळत सुटलं ते लाल होऊन, खडे घेऊन, खाली परुळेकरांच्या पार्किंगपर्यंत.

हा दृष्टिभ्रम आहे. चष्म्याच्या काचा ओल्या होत्या.

येताना घसरले. वाफा क्रमांक पाचमधून बसून खाली आले, वेळ अंदाजे चार सेकंद. सुदैवाने कुणी पाहिलं नाही. फक्त धाकू, मालनताई आणि दुसर्‍या मजल्यावरची चंपा.

३ जुलै. सकाळी १०.

वॉर्ड ऑफिसला तक्रार टाइप करून पाठवली. विषय: उतारावरील झोपड्यांमुळे होणारी जमिनीची धूप. मागणी: ती वस्ती तिथून ताबडतोब हलवावी. सोबत नकाशा, आलेख आणि तिन्ही डब्यांचे सगळे आकडे, एकही न लपवता. माझी बाजू भक्कम असल्यामुळे लपवायचं कारणच नाही.

परुळेकरांनी सोसायटीतर्फे सही दिली. वाचलं नाही. म्हणाले, स्कूटरच्या वतीने सही करतंय.

११ जुलै. सकाळी ९.२०.

सोनूबाई आज उशिरा आली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा. काय झालं विचारलं तर म्हणाली, काल म्युनिसिपालिटीचा माणूस येऊन दारावर रंगानं आकडा टाकून गेला. चार नंबर. इंजिनेर येनार, बघनार, मग ठरवनार आमी र्‍हायचं का जायचं. कुन्या शिकल्याल्या बाईनं कागद दिलाय म्हनं.

मी विचारलं, सोनूबाई, तू राहतेस कुठे? म्हणाली, ह्ये काय, तुमच्या डोक्यावर. अकरा वर्सं झाली.

सहा वर्षं ती रोज येते आणि जाते. मी समजत होते, वर कुठेतरी.

मग म्हणाली, नवर्‍याची, धोंडिरामची नोकरी इथं कारखान्यात, पोरीची साळा इथं. हितनं काढलं तर कुटं टाकत्यात कुनाला ठावं. मी म्हटलं, चहा घे. ती म्हणाली, भांडी तर हुंद्या.

तक्रार कुणी केली हे तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मला वाटतं.

१२ जुलै. सकाळी ८.३०.

पाऊस २०. एक: एकेचाळीस. दोन: एक. तीन: शून्य.

वॉर्ड ऑफिसला पत्र क्रमांक दोन: घर क्रमांक चार माझ्या वैयक्तिक माहितीप्रमाणे निर्दोष आहे. बाकीची दोषी. शास्त्र आणि न्याय दोन्ही साधलं.

१४ जुलै. दुपारी १.

सोनूबाईला म्हटलं, तुझे शेजारी कसे बेशिस्त वागतात ते मला प्रत्यक्ष दाखव. म्हणाली, चला की. मी टेकडी चढले. पायर्‍या आहेत, दगडांच्या, नागमोडी. मला वाटलं उगाच लांबण लावली आहे, पण दम लागला नाही हे नमूद करते.

वरचं दृश्य जसं दिसलं तसं लिहिते. प्रत्येक घराच्या पुढे दोन हात रुंदीच्या मातीच्या पायर्‍या, उताराला आडव्या. प्रत्येकीच्या काठाला दगडांची रांग, दगड कमी पडले तिथे जुने टायर. काठावर गवती चहा लावलेला, मुळं घट्ट. आत अळू, भेंडी, मिरची. पाला तसाच पसरलेला, कुणी झाडलेला नाही. एकही रेघ सरळ नाही.

विचारलं, हे कुणी शिकवलं? सोनूबाई म्हणाली, दुष्काळानं. बहात्तर साली गावाकडं माण तालुक्यात सरकारी कामावर व्हते. दोन वर्सं डोंगराला ताली घातल्या. ताल म्हंजी ह्योच दगडाचा आडवा बांध. पानी पळालं की माती घिऊन पळतं, ताल घातली की बसतं. हितं आल्यावर पयल्या पावसात घरात चिखल आला, मग म्या समद्यांस्नी हुकूम सोडला. शेजारीण सुगंधा दारातून म्हणाली, हुकूम कसला, दगड डोक्यावर दिले हिने आमच्या, नवर्‍यालाही सोडलं नाही.

मग सोनूबाईने कुंपणापलीकडे खाली, माझ्या बागेकडे पाहिलं. काही बोलली नाही. सहा वर्षांत प्रथमच.

१५ जुलै. सकाळी ९.

पत्र क्रमांक तीन: सर्व झोपड्या निर्दोष. दोषी बाजूचा घाणेरीचा पट्टा.

दुपारी १२. डबा क्रमांक तीनमध्ये गेल्या चोवीस दिवसांत अर्धा चमचा माती मिळाली आहे. पत्र क्रमांक चार: दोषी पाऊस. पन्नास मिनिटांत ५८ मि.मी. ही तीव्रता असह्य आहे. याबाबत वॉर्ड ऑफिसने योग्य ती कारवाई करावी.

टपालात टाकल्यावर जरा बरं वाटलं. मग तितकंसं वाटलं नाही.

२३ जुलै. संध्याकाळी ५.

इंजिनियर आली. आली म्हणते, कारण बाई. गमबूट, खोचलेला पदर, काळी छत्री, हातात माझी चार पत्रं. मला बघून वर्गातल्यासारखं म्हणाली, गुड मॉर्निंग, मिस कोठारे. तो सूर मी कुठेही ओळखेन. जयंती. एकाहत्तरची नववी, दुसरा बाक. जमिनीची धूप या प्रश्नाला मी तिला दहापैकी चार दिले होते. ती म्हणाली, मिस, उपाय सगळे बरोबर होते, क्रम चुकला म्हणून सहा कापलेत. मी म्हटलं, क्रम महत्त्वाचा असतो.

परुळेकर, धाकू, सोनूबाई, सगळे जमले. पाऊस होताच.

जयंती आधी वर गेली. सोनूबाईच्या तालीवर उभी राहून गमबूट आपटला. दगड हलला नाही. मग ती घाणेरीच्या पट्ट्यातून खाली आली आणि माझ्या बागेच्या पायथ्याशी उभी राहिली. छत्री मिटली आणि छत्रीच्या टोकाने दाखवत धडा म्हणू लागली, शब्द न शब्द मी वर्गात लिहून दिलेला. कारण एक, तीव्र उतार. कारण दोन, पावसाचा जोर. हे दोन तुमच्या हातात नाहीत, मिस. कारण तीन, वनस्पतींचं आवरण काढून टाकणे. टोक खणताना राहून गेलेल्या करवंदाच्या जळक्या बुंध्यावर. कारण चार, उताराच्या दिशेने नांगरट. टोक चरांवर, एकूण एक. कारण पाच, पालापाचोळा हटवून जमीन उघडी ठेवणे. टोक माझ्या खराट्यावर.

क्रम अचूक होता.

परुळेकर म्हणाले, म्हणजे माझी स्कूटर मॅडमनी पुरली. जयंती म्हणाली, मी तसं लिहिणार नाही, पण आकडे मिसनीच दिलेत, आणि इतके स्वच्छ आकडे आमच्या ऑफिसात येत नाहीत.

मग सोनूबाईकडे वळून म्हणाली, तुमच्या घरांना धोका दिसत नाही, वस्ती हलवायची गरज नाही असं लिहिते. दारावरचा रंग पुसलात तरी चालेल.

सोनूबाईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, शिकल्याली बाई तुमीच का? मी म्हटलं, हो. म्हणाली, मला वाटलंच. आमच्यात येवढा कागद कुनी लिवत न्हाई.

उद्या ती येईल की नाही माहीत नाही.

२४ जुलै. सकाळी ७.३०.

आली. वेळेवर. भांड्यांचा आवाज मात्र असा की कप मोजून ठेवावे लागले. एक फुटला. तुकडे मी उचलले.

रात्री ९. संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा झाली. ठराव: बागेचा उतार सोनूबाईच्या देखरेखीखाली बांधून घ्यावा. दुसरा ठराव, परुळेकरांचा: मिस कोठारे यांनी देखरेख करू नये. एकमताने मंजूर. माझंही मत धरलं की काय ते कळलं नाही.

२८ जुलै. दुपारी ४.

पहिली ताल. सोनूबाई तांब्याने पाणी ओतते, ते कुठल्या बाजूला पळतं ते बघते, आणि जिथे थबकतं तिथे दगड ठेवते. सुतळी नाही. मी सुतळी आणली होती. म्हणाली, बाई, ती धरा तुमच्याकडं.

मला काम दिलं, दगड पोचवायचं. दोनदा ऐकून घेतलं. एकदा, दगड आडवा नको, उभा रोवा. दुसर्‍यांदा, बाई, रेघ बघू नका, पानी बघा. मी म्हटलं, सोनूबाई, मी या विषयात बत्तीस वर्षं. ती म्हणाली, व्हय, आन रेघ बघितली तर उद्या पुन्ना चर पडंल.

पाठ दुखते.

१५ ऑगस्ट. सकाळी ८.३०.

पाऊस ६२ मि.मी., सगळा काल दुपारी एका तासात. क्रमांक एक: दोन चमचे. दोन: दोन. तीन: शून्य. गोगलगाय नाही.

चार ताली पूर्ण. काठावर सोनूबाईने आपल्याकडचा गवती चहा आणून लावला. तिसरी ताल गॅलरीतून बघताना अजूनही वाकडी दिसते. मी आता खुर्ची वळवून बसते. झाडायची मनाई आहे. सोनूबाई खराटा आपल्या घरी घेऊन गेली, परत देईन म्हणाली, कधी ते नाही म्हणाली. परुळेकर स्कूटर मागेच लावतात आणि जाताना गॅलरीकडे बघून आवर्जून चाकं दाखवतात. कोरडी.

सकाळी तिला विचारलं, तुझ्या घरी चहा प्यायला यायचं आहे, कधी येऊ? म्हणाली, या की. पर पायर्‍या नागमोडी हायती, सरळ येऊ नका.

दुपारी २.

ट्रंकेतून एकाहत्तरची प्रश्नपत्रिका काढली. प्रश्न चार: उतारावरील जमिनीची धूप, कारणे व उपाय. गुण दहा. बाजूला यंदाची ही वही ठेवली आणि २४ एप्रिलपासून लाल पेनने तपासली. कारणे पाचही हजर, हातातली तिन्ही स्वतः केलेली. एकही सुटलेलं नाही. क्रम बरोबर. उपाय विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेले नाहीत, शेजारच्या बाकावरून घेतले आहेत.

दहापैकी शून्य.

अक्षराला मार्क द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. एक दिला.